वर्तन विश्लेषक होताना : तासांचा हिशेब आणि पर्यवेक्षकाची सही

प्रश्न : मी अमेरिकेत उपयोजित वर्तन विश्लेषण (वर्तन पाहून, मोजून त्यात बदल घडवण्याचे शास्त्र) या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असून एका केंद्रात आरबीटी, म्हणजे नोंदणीकृत वर्तन तंत्रज्ञ, म्हणून आठवड्याला सुमारे पंचवीस तास मुलांबरोबर काम करते. ‘हे सगळे तास बीसीबीएसाठी, म्हणजे वर्तन विश्लेषकाच्या प्रमाणपत्रासाठी, धरले जातील, दोन वर्षांत तुमचे २००० तास होऊन जातील’, असे मला नोकरीवर घेताना सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे ऐन अर्जाच्या वेळी अडचणीत आणणारे आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचा, म्हणजे बीएसीबीचा, नियम नुसत्या तासांचा नाही. त्या तासांत तुम्ही काय केले, यालाही त्यात तितकेच महत्त्व आहे. मुलासमोर बसून ठरलेला कार्यक्रम राबवणे हे ‘मर्यादित’ काम मानले जाते आणि एकूण तासांत त्याचा वाटा ४० टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. निदान ६० टक्के तास मूल्यमापन, कार्यक्रमाची आखणी, आलेख काढून त्यांचा अर्थ लावणे, पालकांना व सहकाऱ्यांना प्रशिक्षण देणे अशा, विश्लेषकाला पुढे प्रत्यक्ष कराव्या लागणाऱ्या कामांचे असावे लागतात.

आता तुमचाच हिशेब मांडू. २००० तासांत मर्यादित कामाचे जास्तीत जास्त ८०० तास बसतात. आठवड्याला पंचवीस म्हणजे महिन्याला साधारण शंभर तास धरले, तर हा वाटा आठ महिन्यांतच भरतो. त्यानंतर त्याच खुर्चीत बसून केलेले काम पगार देईल, अनुभवही देईल, पण तुमच्या हिशेबात एका तासाचीही भर घालणार नाही. उरलेले १२०० तास कुठून येणार, हा प्रश्न केंद्राला आजच विचारा, आणि ‘बघू पुढे’ हे उत्तर मानू नका. मला विचाराल तर नोकरी स्वीकारतानाच विचारायचा हा प्रश्न होता, परंतु तेव्हा तो सहसा सुचत नाही.

महिन्याला किती तास धरता येतात याला किमान आणि कमाल मर्यादा आहे, त्यामुळे कितीही घाई केली तरी २००० तासांना वर्षाहून अधिक काळ लागतोच. १५०० तासांचा ‘सघन’ मार्गही उपलब्ध आहे. तो अनेकांना जवळचा वाटतो. मात्र त्यात तासांच्या १० टक्के पर्यवेक्षण लागते, तर नेहमीच्या मार्गात ५ टक्के पुरते. म्हणजे ५०० तास वाचतात खरे, पण पर्यवेक्षकासोबतचे तास १०० वरून १५० वर जातात. पर्यवेक्षक चांगला असेल तर मी हाच मार्ग सुचवीन, कारण माणूस शिकतो तो त्या १५० तासांत.

प्रश्न : मी अमेरिकेबाहेर राहतो. येथूनच तास पूर्ण करून बीसीबीए होता येईल का?

उत्तर : बहुतेक देशांतून आता नाही. १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने नवे अर्ज मोजक्या देशांच्या रहिवाशांपुरते मर्यादित केले आहेत, आणि त्यांत कायम राहणारे देश अमेरिका व कॅनडा हेच आहेत. क्वाबा आणि आयबीएओ या संस्था इतरत्र राहणाऱ्यांनाही प्रमाणपत्रे देतात; त्यांचे नियम स्वतंत्र आहेत, तेव्हा बीसीबीएच्या हिशेबाने तास जमवायला लागू नका.

प्रश्न : आमचे पर्यवेक्षक महिन्यातून दोनदा, आठ-दहा जणांना एकत्र घेऊन, ऑनलाइन भेटतात. मला मुलाबरोबर काम करताना त्यांनी कधीच पाहिलेले नाही. महिनाअखेरीस तासांच्या पडताळणीवर सही मात्र मिळते. तक्रार करावी का, की सही मिळते आहे तोवर गप्प बसावे?

उत्तर : गप्प बसू नका, कारण ती सही टिकणारी नाही. नेहमीच्या मार्गात दर महिन्याला पर्यवेक्षकाशी किमान चार भेटी लागतात आणि सघन मार्गात सहा. सामूहिक बैठका एकूण पर्यवेक्षणाच्या निम्म्यापेक्षा अधिक धरता येत नाहीत, आणि महिन्यातून निदान एकदा तुम्हाला क्लायंटबरोबर काम करताना पर्यवेक्षकाने पाहणे आवश्यक असते. ऑनलाइन असण्याला हरकत नाही; हरकत आहे ती न पाहता सही करण्याला. सांगायला वाईट वाटते, परंतु तुम्ही वर्णन केले तसे महिने नियमात बसत नाहीत.

पाहण्याचा उपयोग काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. एका प्रशिक्षणार्थीने नोंदीत लिहिले होते, ‘मुलाने त्रागा केला’. पर्यवेक्षिकेने तो शब्द खोडला आणि विचारले, “तुम्हाला दिसले काय?” उत्तर आले : कागद ढकलला, टेबलाखाली गेला, चाळीस सेकंद तिथेच राहिला. “त्याच्या लगेच आधी काय झाले?” लिहिण्याचे काम समोर ठेवले होते. “आणि नंतर?” काम उचलून घेतले. त्रागा या शब्दात हरवलेली गोष्ट तीन प्रश्नांत समोर आली : मूल कामापासून सुटका मिळवत असावे, आणि आपणच ती देत होतो. पुढच्या सत्रात दोघींनी स्वतंत्रपणे मोजणी केली. एकीच्या नोंदीत ८ वेळा, दुसरीच्या १० वेळा, म्हणजे एकमत ८० टक्के. मग वाद मुलावर न होता व्याख्येवर झाला : कागद नुसता सरकवला तर तो ढकलला म्हणायचा का? आठ-दहा जणांच्या बैठकीत हे घडणे कठीण आहे.

आता करायचे ते असे. पर्यवेक्षण सुरू होण्यापूर्वी उभयतांनी सही केलेला लेखी करार असायला हवा. तो काढून सही कोणत्या परिस्थितीत नाकारली जाईल याचे कलम वाचा. मग पर्यवेक्षकांना लेखी, सौम्य शब्दांत कळवा की प्रत्यक्ष निरीक्षण व वैयक्तिक भेटी नियमाप्रमाणे व्हाव्यात. महिनाभरात फरक पडला नाही तर पर्यवेक्षक बदला. एकूण मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे काही महिने हातचे गेले तरी परवडते. बदलण्यापूर्वी नियमात बसणाऱ्या प्रत्येक महिन्याचा पडताळणी अर्ज सहीसह ताब्यात घ्या, कारण संबंध बिघडल्यावर जुनी सही मागणे फार अवघड जाते. तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, कामाचा प्रकार अशी तुमची स्वतःची नोंदही त्याच दिवशी लिहीत जा. ही कागदपत्रे सात वर्षे जपायची असतात, आणि मंडळ ती तपासणीसाठी मागू शकते.