क्लायंटने पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) पाठवण्याआधीच ते सर्व्हरला कसं पोचलं?

क्लायंट आणि सर्व्हर, दोन्हीकडे पॅकेट कॅप्चर करून तुम्ही वेळा ताडून पाहिल्यात, आणि त्या उलट्या दिसतात. तुमच्या दोन्ही फाइल बरोबर आहेत. दोन मशीनची घड्याळं जुळत नाहीत, इतकंच. पॅकेटवरची वेळ पॅकेटमधून येत नाही. कॅप्चर करणाऱ्या मशीनचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पॅकेट हातात येताच आपल्या घड्याळाप्रमाणे ती नोंदवतो.

घड्याळांमधला फरक हँडशेकवरूनच काढा, म्हणजे कनेक्शन सुरू करताना क्लायंट पाठवतो तो सिन आणि सर्व्हर उत्तरादाखल पाठवतो तो सिन-अ‍ॅक, या पॅकेटवरून. समजा, क्लायंटच्या फाइलमध्ये सिन १०.००० सेकंदाला गेला आणि सिन-अ‍ॅक १०.०२१ ला आला. सर्व्हरच्या फाइलमध्ये तोच सिन ९.९६० ला आला, सिन-अ‍ॅक ९.९६१ ला गेला. क्लायंटकडे २१ मिलिसेकंद गेले, त्यातला १ सर्व्हरचा. म्हणजे जाऊन-येऊन २० आणि एका बाजूचे १०. सिन १०.०१० ला पोचायला हवा होता, नोंद आहे ९.९६० ची. सर्व्हरचं घड्याळ ५० मिलिसेकंद मागे. (जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो, हे इथे गृहीत आहे.)

सर्व्हरची फाइल वायरशार्कमध्ये (पॅकेट तपासण्याचं सॉफ्टवेअर) उघडून एडिट मेन्यूतल्या टाइम शिफ्टने सगळ्या पॅकेटना ०.०५० सेकंद जोडा, सेव्ह करा आणि मगच दोन्ही फाइल मर्ज करा. कॅप्चर तासन्‌तास चाललं असेल तर शेवटच्या एखाद्या हँडशेकवर हाच हिशेब पुन्हा करून बघा. घड्याळ हळूहळू सरकतं, किंवा एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी व्यवस्था) मध्येच ते दुरुस्त करतं, आणि मग एकच आकडा सगळ्या फाइलला चालत नाही.

फाइल वेगवेगळ्या टाइमझोनच्या मशीनवर पाहताना फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला तर मात्र काही जोडू नका, तो फक्त दाखवण्यातला फरक आहे. पीकॅप फाइलमध्ये (कॅप्चरची फाइल) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, वायरशार्क ती तुमच्या टाइमझोनमध्ये दाखवतो.