बिडी ओढता का, एवढ्यावर थांबू नकोस

सांगली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

वाळवा तालुक्यातल्या उपकेंद्रावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडखळले. "५७ वर्षांची बाई, जुना खोकला, धाप लागते; बिडी-सिगारेट नाही, म्हणून सीओपीडी धरला नाही." हा 'म्हणून' काढून टाक. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, बिडी न ओढणाऱ्यालाही होतो.

माझ्या दवाखान्यात अशीच एक बाई वर्षानुवर्षं यायची. लुगड्याला धुराचा वास. मी खोकल्याचं औषध देत राहिले. एकदा म्हणाली, आता घागर भरून आणली की उंबऱ्यावरच बसावं लागतं. तेव्हा कुठे मी तिची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी, करून घेतली. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या निम्मीच होती. हे प्रमाण ०.७० च्या खाली गेलं की अडथळा आहे, हे तू शिकली आहेसच. एक्स-रे मात्र आधी 'ठीक' आला होता आणि मी त्यावर विसंबले. तिची ती वर्षं माझ्या हातून गेली. अजून सलतं.

तंबाखूचा धूर हे मोठं कारण आहेच. ओढणाऱ्याला सोडायला सांगताना खरं सांग: गेलेली ताकद परत येत नाही, पण पुढची झीज मंदावते, पन्नाशीनंतर सोडली तरी. आणि बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तो खोडून काढ.

पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की सीओपीडीच्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. म्हणून विचार: स्वयंपाक किती वर्षं चुलीवर केला? जळण काय, शेणी की काटक्या? घरात सिलिंडर आहे म्हणून समाधान मानू नकोस, अंघोळीचं पाणी कशावर तापतं ते बघ. पुरुषांना कामाचं विचार. गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसून चिपाडं सारणारा, हळदीच्या पॉलिशच्या ड्रमजवळ उभा राहणारा, फौंड्रीत वाळू झाडणारा, हे कुणी आपणहून "धूर खाल्ला, धूळ खाल्ली" म्हणत नाहीत. "वय झालं" म्हणतात. पूर्वी टीबी होऊन गेला का, लहानपणी न्यूमोनियाने अंथरूण धरलं होतं का, हेही विचार. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर थुंकीची तपासणी मात्र आधी.

तुझ्या पत्रातल्या त्या बाईंना स्पायरोमेट्रीला पाठवताना आधी समजावून सांग. यंत्र बघून बायका बुजतात, तोंडावर पदर धरतात, अर्धवट फुंकतात आणि आकडा फसवा येतो. मी म्हणायचे, "मावशी, विझत आलेली चूल फुंकणीनं पेटवता ना, तसा जोर लावा, आणि मी बास म्हणेपर्यंत थांबू नका." निदान सहा सेकंद.

निकाल आला की कळव.

तुझी,
मॅडम