कुंडी भिंतीपलीकडे गेली कशी?

«ताई, सादर नमस्कार. वर्तक नगरच्या वरच्या अंगाला, येऊरच्या बाजूला आमची ७२ फ्लॅटची सोसायटी आहे. मी सेक्रेटरी. मागच्या १२० फुटी भिंतीला लागून खाली जुनी चाळवस्ती आहे. वीस वर्षं त्यांचं-आमचं उत्तम होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या निम्म्या मावशी तिथल्याच. गणपतीत एकमेकांच्या आरतीला जाणं-येणं. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र त्या लोकांना काय झालंय कळत नाही. रात्री पाऊस पडला की सकाळी भिंतीवरून आमच्या आवारात कचरा येतो: चिखल, पालापाचोळा, पिशव्या, एकदा तर आमच्याच गार्डनमधली छोटी प्लास्टिकची कुंडी. जुलैत दगड आला, एका गाडीची काच फुटली. भिंतीलगतच्या पहिल्या घरातल्या मावशी वॉचमनला वाट्टेल ते बोलतात. याच बाई होळीला पोळ्या पाठवायच्या. आम्ही यांचं काय वाकडं केलंय? उलट दोन वर्षांपूर्वी मागचं आठ हजार चौरस फुटांचं आवार पेव्हर ब्लॉक लावून स्वच्छ केलं, मागे पाण्याला वाट काढून दिली, चिखल-डासांचा प्रश्न कायमचा मिटला. बाजूच्या गल्लीत महापालिकेच्या नव्या गटाराचं काम चाललं तेव्हा सहा महिने धूळही निमूट खाल्ली. आता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मागची भिंत चार फुटांनी वाढवून वर काटेरी तार लावायचा ४ लाख ८० हजारांचा ठराव झालाय. बायको म्हणते, थांबा. आधी पोलिसांत जावं की भिंतीचं काम सुरू करावं? – एक त्रस्त सेक्रेटरी, ठाणे»

सेक्रेटरीसाहेब,

पोलीस, भिंत, तार सगळं बाजूला ठेवा आणि आधी एवढं सांगा: तुमच्या गार्डनमधली कुंडी भिंतीपलीकडे गेली कशी? ती परत आली, ही तुमची तक्रार. पण परत यायला आधी जावं लागतं. कुंडीला पाय नसतात आणि तुमचा वॉचमन काही रात्री कुंड्या भिरकावत बसत नाही. ती गेली त्या वाटेने, जी तुम्ही पाण्याला काढून दिलीत. अख्ख्या पत्रात त्या वाटेला पाच शब्द मिळालेत. गाडीच्या काचेलाही त्याहून जास्त आहेत.

नर्सरीतून रोपाबरोबर येते ती कुंडी तोंडाशी चार-साडेचार इंची असते. ती न अडकता गेली, म्हणजे भिंतीच्या तळाशी सहा इंची पीव्हीसी पाइप आहे आणि त्याच्या तोंडावर जाळी नाही. बहुधा असे दोन असतील. कॉन्ट्रॅक्टरने ब्लॉकला मागच्या बाजूला उतार दिला, भिंतीला भोकं पाडली, पाइप खुपसले, भोवती सिमेंट लिंपलं आणि बिल लावलं. अर्ध्या दिवसाचं काम. पाइपाचं दुसरं तोंड कुणाच्या दारात उघडतं ते बघायला तो खाली उतरला नाही आणि तुमच्या कमिटीतलंही कुणी उतरलं नाही.

चिखल-डासांचा प्रश्न मिटला म्हणता. मिटला कसला, भिंतीपलीकडे राहायला गेला.

हिशेब करू. आठ हजार चौरस फूट म्हणजे साधारण ७४३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ठाण्यात सर नेटाने कोसळली तर तासाला ५० मिलिमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे तासाभरात तुमच्या मागच्या आवारावर ३७ हजार लिटर पाणी. मे महिन्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे पावणेचार टँकर तुम्ही दोन पाइपांतून चाळीच्या एका बोळात रिकामे करता. मिनिटाला सहाशेवर लिटर. गच्चीचे पाइपही मागेच उतरत असतील तर ते पाणी आणखी वेगळं.

पाऊस तर आधीही एवढाच पडायचा, मग वीस वर्षं कसं निभावलं? आवार मातीचं होतं. थोडं मुरायचं, थोडं खळग्यांत साचायचं, उरलेलं गवतातून वाट काढत १२० फुटी भिंतीच्या पायथ्याने जिथे-तिथे झिरपायचं. आता ते ब्लॉकवरून घसरत दोन जागी गोळा होतं आणि धारेने पडतं. वाळूवर बसवलेल्या ब्लॉकच्या फटींतून निदान काही तरी मुरतं. पण ब्लॉक खचू नयेत म्हणून खाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओतायची पद्धत पडली आहे, आणि पीसीसी असली की वर ब्लॉक काय नि फरशी काय, सारखंच. वर्क ऑर्डर फाइलमधून काढा आणि पीसीसी शब्द शोधा. सापडेल.

सभेत कुणी तरी उठून कायदा ऐकवेल, म्हणून आधीच सांगते. १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या, म्हणजे शेजारच्या जमिनींवरच्या हक्कांच्या कायद्याच्या, कलम ७ नुसार वरच्या जमिनीवरचं पाणी आपसूक खाली वाहत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं असतं. आपसूक, हा त्यातला शब्द. आवार काँक्रीटचं करून, उतार देऊन, पाइपात गोळा करून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर सोडलेलं पाणी आपसूक नसतं. पोलिसांत जायचं तर खुशाल जा. पंचनाम्याला ते भिंतीपलीकडेच उभे राहतील आणि पहिला फोटो पाइपाचा निघेल.

आता तुमचीच कचऱ्याची यादी परत वाचा. चिखल, पालापाचोळा, पिशव्या, कुंडी. यातलं वस्तीतलं काय आहे? चाळीच्या बोळात बाग नसते. रात्री पाऊस आणि सकाळी कचरा, हा क्रमही तुमच्याच हातचा. रात्री दोनला पाणी आत शिरतं. धान्याचे डबे नि गाद्या कॉटवर चढवायच्या, पोरांना वर बसवायचं, ताटाने आणि केराच्या सुपडीने पहाटेपर्यंत पाणी उपसायचं. पाणी ओसरलं की उंबऱ्यात बोटभर गाळ राहतो. तो घमेल्यात भरायचा, ज्याचा त्याला परत करायचा, आणि आठ वाजता तुमच्याकडे लादी पुसायला हजर व्हायचं. मावशी वॉचमनला बोलतात कारण तुमच्या सोसायटीतला तेवढा एकच माणूस त्यांना बोलायला सापडतो.

दगड वाईटच. काचेचा क्लेम इन्शुरन्सला लावा आणि तो विषय संपवा.

भिंतीचं मात्र एवढ्यावर सुटणार नाही. तुमचं आवार वर, वस्ती खाली, म्हणजे ती नुसती आडोशाची भिंत नाही, मागची माती धरून उभी आहे. तुमच्याकडून पाच फूट दिसत असेल तर खालून मोजा, सात-आठ फूट भरेल. अशा भिंतीला पायथ्याशी भोकं लागतात, गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. मातीत साचलेलं पाणी तिथून सुटतं. ब्लॉकच्या कामात ती सिमेंटने बुजवलेली असतील तर भिंतीमागे भिजलेली माती आणि पाण्याचा दाब दोन्ही ढकलत राहतात. त्यावर तुम्ही, जुन्याच पायावर, आणखी चार फूट चढवणार. नऊ इंची विटांचं काम असेल तर १२० फुटांत ते ओझं वीस टनांच्या आसपास जातं. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ माणसं गेली. तीनच दिवसांनी मालाडला पिंपरीपाड्यात आणखी एक भिंत वस्तीवर पडली. अशी भिंत पडते ती नेहमी खालच्या अंगाला. तुमच्या भिंतीच्या खालच्या अंगाला मावशींचं घर आहे.

बायको थांबा म्हणते ते बरोबर आहे. पण नुसतं थांबूनही चालणार नाही. भिंतीसाठी काढलेले ४ लाख ८० हजार पाण्यावर घाला. बाजूच्या गल्लीतल्या ज्या गटाराची धूळ सहा महिने खाल्लीत, ते कशाला बांधलं असं वाटलं तुम्हाला?

मागच्या भिंतीच्या आतून, तिच्यापासून दीड-दोन फूट सोडून, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चॅनल, म्हणजे पाण्याची नाली, काढायचं. रुंदी एक फूट. पाण्याला नऊ इंचही पुरतील, पण मग आत फावडं जात नाही, आणि जे साफ करता येत नाही ते दुसऱ्या पावसाळ्यात गाळाने भरतं. उतार २०० ला १, म्हणजे १२० फुटांत सात इंच. सुरुवातीला खोली आठ इंच ठेवलीत तर कोपऱ्यावर ती पंधरा होईल. हा उतार नजरेने देऊ देऊ नका. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, ती पाण्याने भरून दोन टोकं दोन खांबांशी धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला स्थिरावतं, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि खुणेपासून खाली टेपने मोजायचं. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून आधी नळी झटकून बुडबुडे काढायला लावा. दर दहा फुटांवर मोजा. मध्ये कुठे खोलगट राहिलं की तिथेच पाणी थांबणार आणि तुमचे डास परत येणार.

कोपऱ्यावर दोन फूट बाय दोन फुटाचा चेंबर. त्यातून बाहेर जाणारा आठ इंची पाइप तळापासून एक फूट वर ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल आणि पाणी तेवढं पुढे जाईल. पाइपाच्या तोंडावर जाळी हवी, आणि ती हाताने उपसून काढता आली पाहिजे. चॅनलवर दोन-दोन फुटांची छिद्रांची काँक्रीटची झाकणं टाका, दोन माणसांना उचलतील एवढीच. मे अखेरीस एकदा आणि मग पावसाळाभर दर पंधरवड्याला चेंबर उपसायचा. हे काम कुणाचं ते नाव घालून लिहून ठेवा. वॉचमन करेल असं गृहीत धरलंत तर कुणीच करणार नाही.

खोदाईआधी गल्लीतल्या गटाराचा तळ मोजा. तो तुमच्या ब्लॉकच्या पातळीपासून निदान दोन फूट खाली हवा. भर पावसात त्यात पाणी कुठवर चढतं ते आतल्या भिंतीवरच्या काळ्या रेघेवरून कळतं. रेघ तुमच्या पाइपाच्या वर असेल तर गटाराचं पाणी उलटं तुमच्याकडे येईल, मग पाइप वर घ्यावा लागेल. जोडणीसाठी प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज करा आणि तो आत्ताच करा. पावसाळा तोंडावर आला की रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही.

कॉन्ट्रॅक्टर एक सोपी युक्ती सुचवेल: जवळच ड्रेनेजचा चेंबर आहे, त्यातच सोडून देऊ. अजिबात नाही. मैलापाण्याच्या लाइनीत पावसाचं पाणी घुसलं की ती तुंबते आणि सगळ्यात खालच्या संडासातून वर येते. सगळ्यात खाली कोण राहतं ते एव्हाना कळलं असेल.

चॅनलला लागून आतल्या बाजूचे तीन फूट रुंदीचे ब्लॉक काढा, खालची पीसीसी फोडा, खडी आणि माती भरून गवत लावा. सगळं पाणी तिथे मुरणार नाही, पहिल्या सरींचं बरंच मुरेल. बुजलेली वीप होल त्याच माणसांकडून मोकळी करून घ्या.

आणि क्रम चुकवू नका. लाज वाटून उद्याच पाइपांना बूच मारायला जाल. तसं केलंत आणि एखादी अवकाळी सर आली तर सगळं पाणी भिंतीशीच तुंबेल, वर सांगितलेला दाब त्या रात्रीच वाढेल. आधी चॅनल, मग गटाराची जोडणी, मग टँकरभर पाणी आवारात ओतून ते कुठे जातं ते बघायचं, आणि सगळ्यात शेवटी पाइप बंद.

भिंतीचे पैसे पाण्यावर घालायचे तर विशेष सर्वसाधारण सभा लागेल. पाच पूर्ण दिवसांची नोटीस काढा. पण त्याआधी येत्या रविवारी सकाळी कुंडी आणि टेप घेऊन खाली उतरा. कमिटीतले दोघं बरोबर घ्या, वॉचमनला नेऊ नका. मावशींना सांगा, पाइप आमचे आहेत आणि मे महिन्याच्या आत बंद होणार आहेत. दगडाचा विषय काढायचा नाही. त्या बोलतील, बराच वेळ बोलतील, ऐकून घ्या. मग त्यांची परवानगी घेऊन घरातल्या भिंतीवरची पाण्याची खूण जमिनीपासून मोजा, आणि जितके इंच भरतील तो आकडा सभेच्या नोटिशीत पहिल्या ओळीत घाला.

– ताई