दीडशे पानं झाली, सोडून देऊ का?

प्रश्न: सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय म्हणून स्टीग लार्सनचं 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' आणलं, पण दीडशे पानं झाली तरी नुसत्या कंपन्या, पैसे आणि वांगर घराण्यातली नावंच नावं. सोडून दिलं तर चालेल का ताई?

उत्तर: अगं चालेल की! मी पण पहिल्यांदा तिथंच सोडलं होतं. लार्सन स्वतः पत्रकार, म्हणून सुरुवातीला ते बदनामीच्या खटल्याचं आणि उद्योगपतीचं एवढं लांबण लागतं. १९६६ साली बेटावरचा पूल अपघातानं बंद पडतो आणि त्याच दिवशी वांगर घराण्यातली मुलगी हॅरिएट गायब होते, हे कोडं मला अजूनही जबरदस्त वाटतं, तू तिथपर्यंत पोचली असशील आणि तरी उत्सुकता वाटत नसेल तर पुढे ओढत नेऊ नकोस. आणि एक, पुस्तकाच्या मूळ स्वीडिश नावाचा अर्थ 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असा आहे, पुस्तक खरं त्याबद्दलच आहे, पुढे अत्याचाराचे प्रसंग फार अंगावर येतात. नुसतं रहस्य हवं असणाऱ्याची निराशा होणारच ना. लायब्ररीचं असेल तर उद्याच परत कर, कुणीतरी नंबर लावून बसलं असेल.