बागेतले प्रश्न : थंड प्रदेशातलं अंजीर

प्रश्न : शेजारच्या इटालियन आजोबांनी दिलेली अंजिराची फांदी लागली, आता फळंही येतात. जातीचं नाव त्यांनाही ठाऊक नाही. पानांचे फोटो पाहून कोणी ‘ब्राउन टर्की’ म्हणतं, कोणी ‘शिकागो हार्डी’. नक्की कसं ओळखायचं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नुसत्या पानांवरून ओळखायला जाऊ नका. एकाच झाडावर सावलीतलं पान अखंड, उन्हातलं पाच बोटांचं आणि छाटणीनंतर जोमाने फुटलेल्या फांदीवरचं तिसऱ्याच आकाराचं, हे अंजिरात सर्रास दिसतं. भरीला बऱ्याच झाडांत मोझॅक विषाणू असतो. त्याने पानांवर पिवळट डाग पडतात, पानं वेडीवाकडी होतात आणि अंदाज आणखी चुकतो. पानं पाहायचीच तर ऑगस्टमध्ये उन्हातल्या फांदीच्या मधल्या भागातली दहाएक घ्या. खाचा किती आणि किती खोल, देठापाशी पान हृदयाकृती की सरळ कापल्यासारखं, एवढं नोंदवा.

खरी ओळख फळात, तीही पूर्ण पिकलेल्या. मान वाकून फळ लोंबायला लागलं, सालीला बारीक चिरा पडल्या, हाताला मऊ लागलं की तोडा आणि देठापासून खालपर्यंत उभं चिरा. वजन, देठाची लांबी, मान आहे की नाही, तळाचा डोळा (म्हणजे छिद्र) उघडा की बंद, सालीचा आणि गराचा रंग, पिकल्याची तारीख हे सगळं लिहून ठेवा. ऊन कमी पडलं की रंग फिका येतो, म्हणून किमान दोन हंगामांच्या नोंदी हव्यात. ‘सेलेस्ट’ लहान, तपकिरी-जांभळट आणि घट्ट बंद डोळ्याचं. त्यामुळे पावसाळी हवेत ते आतून कमी आंबतं. ‘व्हायोलेट द बोर्दो’ही लहानच, पण साल जवळजवळ काळी आणि गर गडद लाल. हेच ‘नेग्रोन’ नावानेही विकलं जातं.

‘ब्राउन टर्की’ हे नाव तर फारसं कामाचं नाही. इंग्लंडमध्ये आणि कॅलिफोर्नियात या नावाने विकली जाणारी झाडं एकच नव्हेत. तुम्हाला शंका आहे त्या दोन्ही जातींची खात्रीची रोपं आणून आपल्या झाडाशेजारी त्याच मापाच्या कुंडीत वाढवलीत, तर फरक आपोआप दिसेल. तोवर लेबलवर ‘एडिसन, अनोळखी’ लिहा. अंदाजाने दिलेलं नाव कलमांबरोबर घरोघर फिरतं आणि मग ते पुसता येत नाही.

प्रश्न : दक्षिणेकडच्या भिंतीला कुंडीत ‘ब्राउन टर्की’ आहे. ऑक्टोबरात लिंबाएवढी हिरवी फळं भरपूर असतात, पण पिकत नाहीत. वसंतापर्यंत ती काळी पडून गळतात. (लीड्स)

उत्तर : ती पिकणार नाहीतच, आणि झाडावर ठेवणं तोट्याचं. ब्रिटनमध्ये उघड्यावर जी अंजिरं ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात, ती आदल्या शरदात फांदीच्या शेंड्यापाशी वाटाण्याएवढी असलेली. पुरंदरमध्ये खट्टा आणि मीठा असे दोन बहार शेतकरी ठरवून धरतो, तुमच्याकडे ते हवामान ठरवतं. त्याच वर्षी धरलेल्या फळाला पिकण्याइतकी ऊब मिळत नाही.

म्हणून पानगळ झाली की वाटाण्याहून मोठी सगळी फळं खुडा आणि बारीक तेवढी राखा. कडाका पडला की शेंड्यांवर बागेचं फ्लीस (थंडीपासून झाडं झाकायचं हलकं कापड) गुंडाळा. वसंतात झाड नीटनेटकं करायच्या नादात सगळे शेंडे छाटलेत, तर त्या वर्षीचं पीक गेलंच समजा. जूनमध्ये नव्या फांदीला पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा, म्हणजे पुढच्या वर्षीची बारीक फळं वेळेत धरतात.

कुंडी ४५ सेंटिमीटरपेक्षा फार मोठी नको. मुळं ऐसपैस पसरली की झाड पानांवरच जोर देतं. नत्राचं खत जास्त झालं तरी तेच होतं. फळ फुगू लागल्यावर आठवड्याला एकदा टोमॅटोचं द्रवखत द्या. उन्हाळ्यात कुंडी एकदाही पूर्ण सुकू देऊ नका, नाहीतर फळं गळतात. खुडताना हातमोजे घाला. अंजिराचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड येतात.

प्रश्न : सुक्या अंजिराच्या बिया पेरल्या, छान उगवल्या. फळं कधी येतील? (टोरोंटो)

उत्तर : रोपं मजेसाठी ठेवा, फळाच्या आशेने नको. तुर्कस्तानातलं सुकं अंजीर बहुतेक स्मिर्ना प्रकारचं. ते धरायला एक इवलीशी गांधीलमाशी परागीभवन करते, म्हणूनच बिया उगवल्या. या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. उरलेल्यांतल्या अनेकांना पुन्हा तीच माशी लागते आणि ती कॅनडाच्या हिवाळ्यात टिकत नाही. मग फळं गोटीएवढी होऊन पिवळी पडतात आणि गळतात.

परागीभवनाशिवाय फळणारी, लवकर पिकणारी जात विकत घ्या : ‘रोंद द बोर्दो’ किंवा ‘शिकागो हार्डी’. ‘डेझर्ट किंग’चा फक्त पहिला, आदल्या वर्षीच्या फांद्यांवरचा बहार माशीविना पिकतो. शेंडे थंडीने मेले की तोही नाही.

पहिल्या हलक्या हिमाने पानं झडली की कुंडी गॅरेजमध्ये हलवा, ० ते ७ अंश सेल्सिअस चांगलं. अंधार चालतो, महिन्याला मगभर पाणी पुरतं. घरात उबेला ठेवलंत तर जानेवारीतच फुटून लांबट, पांढुरके कोंब येतील.

प्रश्न : सासवडहून अंजिराची काडी सामानातून आणली तर लागेल का? (ब्रिस्टल)

उत्तर : लागेल, पण आणू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती ब्रिटनमध्ये आणणं बेकायदा आहे. पुण्याच्या अंजिराला परागीभवनासाठी माशीची गरज नसते, तेव्हा फळं धरतील, पण ब्रिस्टलचा उन्हाळा त्यांना अपुरा पडेल. काचघर असेल तरच विचार करा, आणि तोही अधिकृत मार्गाने.