वास स्ट्रॉबेरीचा, चव आंबट पाण्याची: फ्रूट टीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फ्रूट टीचं पाकीट उघडलं की स्ट्रॉबेरीचा असा घमघमाट सुटतो की कधी एकदा पिते असं होतं. गरम पाणी ओतल्यावरही वास मस्तच. पण घोट घेतला की नुसतं आंबट गरम पाणी! दोन-दोन टी-बॅग घालून बघितल्या, जास्त वेळ ठेवून बघितलं, तर आणखीनच आंबट. माझं बनवायचं चुकतंय का जिभेचंच काही बिघडलंय?

उत्तर: जीभ एकदम ठणठणीत आहे तुमची आणि बनवण्यातही काही चुकत नाहीये. उलट जीभ अगदी खरं सांगतेय, कारण त्या कपात जिभेच्या वाट्याला जे काही आलंय ते मुख्यतः आंबटच आहे.

एक करून बघा. चहा कोमट झाला की नाक चिमटीत घट्ट धरायचं, घोट तोंडात घ्यायचा, जरा घोळवायचा, गिळायचा आणि मग नाक सोडायचं. नाक बंद असेपर्यंत स्ट्रॉबेरी काय, रास्पबेरी काय नि पीच काय, जवळजवळ सगळे सारखेच लागतात, आंबट आणि किंचित तुरट. नाक सोडलं रे सोडलं की घशाच्या मागून फळ वर येतं. दोन-तीन वेगवेगळे फ्लेवर घेऊन, कोणता कप कोणाचा ते न बघता हे केलंत तर फारच मजा येते, नाक धरून ओळखणं बहुतेकांना जमत नाही.

होतं काय, की जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम किंवा टोमॅटोत असते तशी रुचकर चव) एवढंच कळतं. स्ट्रॉबेरी "स्ट्रॉबेरीसारखी" लागते ते सगळं नाकाचं काम. माणसाच्या नाकात वास पकडणारे रिसेप्टर ४०० च्या आसपास प्रकारचे असतात (या रिसेप्टरांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं) आणि त्यांना पुरतंही फार थोडं. स्ट्रॉबेरीच्या वासातलं फ्युरानिऑल नावाचं एक द्रव्य आहे, ते पाण्याच्या अब्ज भागांत काही भाग असलं तरी नाकाला कळतं. साखरेचं तसं नाही, ती कळायला चांगली मोजण्याइतकी लागते.

आता हिशोब करू. एका टी-बॅगेत साधारण २ ते ३ ग्रॅम माल असतो. त्यातला अर्धा साखरच आहे असं धरलं, म्हणजे आपण हात सैल सोडूनच धरतोय, तरी कपभर म्हणजे २०० मिली पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास साखर उतरेल, अर्ध्या टक्क्याहून जराशी जास्त. ताज्या स्ट्रॉबेरीत १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या जवळपास असते. म्हणजे नाकाला पूर्ण स्ट्रॉबेरी आणि जिभेला तिच्या गोडीचा आठवा हिस्सा, तोही आपण उदारपणे धरला म्हणून!

आणि आंबटपणा येतो कुठून, तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बऱ्याचदा पहिलंच नाव हिबिस्कस असतं, म्हणजे लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं, तो लालबुंद रंग आणि तो आंबटपणा दोन्ही तिचेच. मग रोझहिप (रानगुलाबाचं फळ), सफरचंदाचे तुकडे, संत्र्याची साल, कधी वरून सायट्रिक ॲसिड. स्ट्रॉबेरी असलीच तर खूप खाली, आणि फळ वाळवताना पाण्याबरोबर वासही बराचसा उडून गेलेला असतो, म्हणून तो फ्लेवर म्हणून पुन्हा वरून लावतात. दोन टी-बॅग घातल्या की अंबाडी दुप्पट होते, साखर मात्र दुप्पट होऊनही नगण्यच राहते, म्हणून तुमचा चहा आणखी आंबट झाला.

प्रश्न: कळलं की फळ नाकात असतं. पण मग घोट घेतानाही नाक उघडंच असतं की! कपावर नाक धरलं की जेवढा वास येतो तेवढा तोंडात गेल्यावर का नाही जाणवत?

उत्तर: प्रश्न फार आवडला, कारण खरी गंमत इथेच आहे. वास नाकापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक समोरून, हुंगल्यावर, आणि दुसरी मागून, गिळल्यावर श्वास बाहेर सोडताना घशातून वर. कपावर तोंड नेलंत की वाफ सारखी वर येत असते आणि वासाची द्रव्यं पाण्यात रमणारी नसतातच, संधी मिळाली की हवेत पळतात, त्यामुळे समोरच्या वाटेने तुम्हाला भरभरून मिळतं. घोट मात्र छोटा, तोंडात दोन-तीन सेकंद, मग गिळल्यावरच्या एका उच्छ्वासात जे काय वर जाईल तेवढंच.

पण नुसतं कमी-जास्त एवढंच नाहीये ते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलं होतं की समोरून आलेला वास मेंदू बाहेरच्या जगातली गोष्ट म्हणून घेतो आणि मागून आलेला तोंडातली गोष्ट म्हणून. तोंडातली म्हटली की मेंदू तो वास जिभेच्या निरोपाशी जुळवून बघतो. स्ट्रॉबेरीचा वास म्हणजे त्याच्या अनुभवाप्रमाणे गोड येणार, आणि जीभ सांगतेय आंबट, मग त्या वासाचा जोरच ओसरल्यासारखा वाटतो.

हे च्युइंगमवर फार छान दाखवलं गेलंय. १९९९ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना मिंटचं च्युइंगम चघळायला दिलं आणि चघळताना नाकातून बाहेर येणाऱ्या हवेत मिंटचं वासद्रव्य किती आहे ते मोजत राहिले. थोड्या वेळाने लोक म्हणायला लागले की मिंट कमी झालं, पण नाकातलं वासद्रव्य फारसं कमी झालेलंच नव्हतं, कमी होत गेली होती ती साखर! साखर गेली आणि लोकांना वाटलं मिंट गेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, फ्रूट टीत अर्धा चमचा साखर किंवा मध घाला आणि त्याबद्दल अजिबात मनाला लावून घेऊ नका. पहिल्याच घोटात गोडीपेक्षा आधी फळ पुढे आल्यासारखं वाटेल. साखर नकोच असेल तर ज्येष्ठमध असलेलं मिश्रण शोधा, त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतं, पण ब्लड प्रेशरचा त्रास असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने प्रेशर वाढू शकतं.

प्रश्न: पाकिटावर हे मोठे मोठे रास्पबेरीचे फोटो, आत घटकांत रास्पबेरीचं नावच नाही, फक्त "फ्लेवर". ही सरळ फसवणूक नाही का?

उत्तर: मला तरी आहे असंच वाटतं, आणि एक कोर्टही तसंच म्हणालंय. जर्मनीत टीकाने कंपनीचा मुलांसाठीचा एक फ्रूट टी होता, खोक्यावर रास्पबेरी आणि व्हॅनिलाच्या फुलांची चित्रं, आत रास्पबेरीही नाही नि व्हॅनिलाही नाही. ग्राहक संघटना कोर्टात गेली, प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत पोचलं, कंपनीचं म्हणणं की यादी बरोबर छापलीय ना. ४ जून २०१५ ला न्यायालयाने सांगितलं की यादी बरोबर असली तरी पाकिटाच्या एकूण रूपावरून जो पदार्थ त्यात नाहीच तो आहे असं ग्राहकाला वाटत असेल तर ते दिशाभूल करणारं ठरू शकतं.

फ्लेवर घालण्यात वाईट काही नाही, वर म्हटलं तसं त्याशिवाय कपात वासच येणार नाही. पण चित्र फळाचं आणि आत अंबाडी-सफरचंद, तर ते ठळक अक्षरात लिहा की!

प्रश्न: मी मोठ्या मगमध्ये करून ठेवते आणि दुपारपर्यंत घोट घोट पिते. गार झाल्यावर अगदीच बेचव आंबट का लागतो? आणि दातांना वाईट का?

उत्तर: गार झाला की वासाची द्रव्यं कमी उडतात, गोडीही थंडपणात कमी जाणवते, आंबटपणा मात्र तसाच बसून राहतो. शिवाय उघड्या मगातून वास तासाभरात बराच निघून गेलेला असतो. टी-बॅग भिजत असताना कपावर झाकण ठेवा, पाकिटावर दिलेली मिनिटं झाली की काढून टाका आणि ताजा असतानाच प्या. थंडच प्यायचा असेल तर साखर थोडी वाढवावी लागेल. उरलेल्या टी-बॅग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि वेगवेगळे फ्लेवर एकाच डब्यात नकोत.

दातांचं म्हणाल तर हो, काळजी घ्या. अंबाडीच्या काढ्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३ च्या आसपास असतो आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं, त्यामुळे तासन् तास घोट घोट पिणं हेच सगळ्यात वाईट. एकदा बसून पिऊन टाका, वर साधं पाणी प्या, लगेच ब्रश करू नका.

प्रश्न: मग वासासारखीच चव लागेल असा एखादा फ्रूट टी आहे की नाही?

उत्तर: आहेत ना! जी फळं मुळातच आंबट म्हणून आपल्या डोक्यात बसलीत ती घ्या. लिंबू, संत्रं, क्रॅनबेरी यांचा वास आला की जीभ आंबटाचीच वाट बघत असते, मग अंबाडीने तिचं काम केलं तरी कुठे बिनसत नाही. निराशा करतात ते पीच, व्हॅनिला, केळं, स्ट्रॉबेरी असले गोड वासाचे, आणि त्यांचंच पाकीट दुकानात सगळ्यात जास्त खुणावतं. गोड वासाचाच हवा असेल तर ज्याच्या यादीत हिबिस्कस पहिलं नाही, सफरचंद पहिलं आहे असा निवडा. किंवा सरळ काळ्या चहात फळाचा फ्लेवर असलेला घ्या, त्यात अंबाडी नसेल तर आंबटाचा मारा नसतो, चहाचा स्वतःचा कडवट-तुरटपणा असतो, आणि बर्गमॉट या लिंबू-संत्र्याच्या जातीतल्या फळाचा वास लावलेला अर्ल ग्रे त्यात सगळ्यात छान जमलेला असं माझं मत, कारण बर्गमॉटच्या वासातच थोडा कडूपणा आहे आणि तो चहाच्या कडूशी जुळतो.