तोंडी तक्रारीला तारीख नसते

औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष विचारतात, की निजामकालीन दोन वर्गखोल्यांना तडे गेले आहेत, गेल्या पावसाळ्यात गिलावा कोसळून चौथीतील मुलीच्या डोक्याला टाके पडले, मुख्याध्यापकांना व केंद्रप्रमुखांना दोन वर्षे सांगूनही काही झाले नाही. तर आता थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाता येईल का?

अध्यक्ष महोदय, आपल्या पत्रात ‘सांगितले’ हा शब्द वारंवार आहे, ‘लिहून दिले’ हा एकदाही नाही. दर पावसाळ्यानंतर मला अशी पत्रे येतात आणि बहुतेकांत हीच उणीव असते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्कासंबंधी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करावी लागते, प्राधिकरणाने ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि त्या निर्णयावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. हे तीन महिने लेखी अर्जाशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे आपली दोन वर्षे या हिशेबात शून्य आहेत. अर्ज जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मागण्या दोनच ठेवा: खोल्यांची अभियंत्यांकडून तपासणी करून निर्लेखनाचा, म्हणजे त्या निकामी ठरवून नोंदीतून काढण्याचा निर्णय, आणि तोपर्यंत पर्यायी जागा. ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ असे मुख्याध्यापक म्हणतात, तर त्याचा जावक क्रमांक माहिती अधिकारात मागा.

खंडपीठ याचिका ऐकेलच असे मी सांगू शकत नाही, आणि ऐकली तरी तारखांवर तारखा पडतात हा अनुभव आपल्याला नवा नसावा. आधी उपलब्ध मार्ग वापरला का, हे न्यायालय बहुधा विचारेल. कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. त्या पार्श्वभूमीवर अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे म्हटले. हा आधार भक्कम आहे. मात्र तो मांडायला तारखांची फाइल हवी, आणि ती आज आपल्याकडे नाही.

दुसरी गोष्ट समितीच्या स्वतःच्या कामाची. कलम २२ नुसार आपण तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा पाया असतो. आपण जोडलेल्या आराखड्यात रंगरंगोटी आणि संगणक आहेत, या खोल्यांचा उल्लेखही नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. किल्लारी ज्या तालुक्यात आहे, तिथल्या समितीला भिंतींचे महत्त्व मी सांगावे लागू नये.

मुलीच्या भरपाईचा दावा तिच्या पालकांचा आहे, समितीचा नव्हे. उपचाराची कागदपत्रे पाहिल्याशिवाय त्याच्या मुदतीबद्दल मी बोलणार नाही. पालकांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर पाठवतो’ असे हमीपत्र मागितले जात असेल, तर सही करू देऊ नका. त्याने मुलांचा हक्क संपतो असे मला वाटत नाही, पण उद्या तोच कागद आपल्यासमोर धरला जाईल.

याच आठवड्यात समितीची सभा घ्या, दोन्ही खोल्या वापरातून बंद केल्याचा ठराव इतिवृत्तात लिहा, वर्ग समाजमंदिरात हलवा आणि ठरावाची प्रत त्याच अर्जाला जोडा.